मागची कडी

बाबा शेळ्यांच्या गोठ्यापाशी उभे होते, आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीआडून, हातातला ओला कप तसाच धरून, त्यांच्यावर नजर ठेवून होती.

"गोठा बंद," बाबा म्हणाले. ठणठणीत आवाजात, समोर कोणी उभं असावं तसं. समोर कोणी नव्हतं. मग ते गोठ्याच्या कोपऱ्याआड गेले आणि दिसेनासे झाले. थोडा वेळ काहीच नाही. आणि मग भिंतीपलीकडून दुसरा आवाज आला. बारीक, दबलेला, शेवट किंचित लांबवणारा.

"बंद."

तिनं कप ओट्यावर ठेवला. रोपवाटिकेवाल्या बाई खोटं सांगत नव्हत्या तर.

त्यांचा फोन मंगळवारी आला होता. बाबांच्या शेताला लागूनच त्यांची रोपवाटिका. बाई उगाच चौकशा करणाऱ्यांतल्या नव्हेत. आधी हवापाणी झालं, खारूची, तिच्या लेकीची, शाळा झाली, मग बराच वेळ घसा खाकरून झाला. "राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण तुमचे वडील दिवसभर एकटेच बोलत असतात. बोलतात त्याचं काही नाही, या वयात सगळेच बोलतात. पण ते उत्तरंही देतात हो. तुमच्या आईच्या आवाजात."

आईला जाऊन पाच महिने झाले होते.

उत्तरं आईचीच असायची, हे तर तिलाही माहीत होतं. बाबांनी छत्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलं. इंजिनात माणसं दोन. ड्रायव्हरनं सिग्नलचा रंग मोठ्यानं सांगायचा आणि सहायकानं तो परत म्हणायचा, असा तिथला शिरस्ता. निवृत्तीनंतर आईच्या हट्टानं हे शेत घेतलं, आणि बाबांबरोबर तो शिरस्ताही इथं राहायला आला. बाबा अंगणातून पुकारायचे, "पंप बंद." आई आतून म्हणायची, "बंद." बाबा पुकारायचे, "कोंबड्या चौदा." आई म्हणायची, "चौदा." सुट्टीत आलेल्या मुलांची हसून हसून मुरकुंडी वळायची. दादानं तर त्याला नावच ठेवलं होतं, म्हाताऱ्यांचा भोंगा.

आता भोंग्याच्या दोन्ही बाजू बाबाच वाजवत होते.

तिला भीती वाटत होती ती थोरल्या काकांमुळे. बाबांचे सख्खे मोठे भाऊ. अडुसष्टाव्या वर्षी ते आरशातल्या माणसाला खुर्ची देऊ लागले, बसा म्हणू लागले. पुढच्या तीन वर्षांत त्यांना मुलं आठवेनात, मग स्वतःचं नाव आठवेना. ती त्यांना शेवटचं भेटायला गेली तेव्हा त्यांनी तिला अतिशय अदबीनं विचारलं होतं, आपण कुठल्या खात्यातून आलात. बाबांना या वर्षी अडुसष्टावं लागलं होतं.

समुद्रापलीकडे राहणाऱ्या दादाशी चार फोन झाले आणि ठरलं. शनिवार-रविवार नेहमीसारखं शेतावर जायचं. परतताना डोळे तपासायचं निमित्त करून बाबांना बरोबर आणायचं आणि सोमवारी अकराला विसरभोळेपणाच्या डॉक्टरांना दाखवायचं. डॉक्टर म्हणाले तसंच आहे, तर शेत विकायचं आणि बाबांनी तिच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर, खारूच्या खोलीत राहायचं. दादाला घाई होती. लांबच्या माणसाला असते तशी.

गाडीतच तिनं नवऱ्याला आणि लेकीला बजावलं होतं की यातलं अवाक्षर काढायचं नाही. लेक नऊ वर्षांची. मिळेल ते गोळा करून दडवून ठेवते म्हणून तिला सगळे खारू म्हणत. तिनं मागच्या सीटवरून सरळ विचारलं होतं, आजोबांना वेड लागलंय का. असं म्हणू नये, असं तिचा बाबा म्हणाला. मग कसं म्हणायचं, असं तिनं विचारलं, तेव्हा पुढच्या सीटवरून तिच्या हातात बिस्किटांचा पुडा आला.

पोचल्यापासून ती बाबांची परीक्षा घेत होती. चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं तिनं आजची तारीख विचारली. बाबांनी तारीख सांगितली, वार सांगितला आणि सूर्य किती वाजता मावळेल तेही सांगितलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, दुसरीत मला शिकवायला कोण होतं हो. बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"तुला आठवत नाही?"

"आठवतंय. म्हणजे, सहज."

"डॉक्टरला दाखवून घे," बाबा म्हणाले. "आपल्या घराण्यात आहे तो आजार."

नवऱ्याला चहाचा ठसका लागला. तिला मात्र हसू आलं नाही, कारण ओट्यावर तिनं येतानाच पाहिलं होतं: सकाळच्या चहाचे कप दोन. दोन्ही वापरलेले.

आणि आता हा आवाज.

जेवणं झाली. कोबीच्या पानांचा आणि सालींचा ढीग घेऊन खारू गोठ्याच्या मागच्या दारानं शेळ्यांना भरवायला गेली, हात न धुताच परत आली आणि पुन्हा पिटाळली गेली. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. बेचाळीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन तो व्हरांड्यातल्या खाटेवर तपासायला बसला आणि पाचव्या उत्तरपत्रिकेला आडवा झाला. ती भांडी विसळत होती. बाहेर बाबांनी गोठ्याचं पुढचं दार लावल्याचा आवाज आला.

"गोठा बंद," बाबांनी पुकारलं.

तिचे हात थांबले. आता ते कोपऱ्याआड जातील. आता तो बारीक आवाज येईल. तो दुसऱ्यांदा ऐकणं आपल्याला झेपणार नाही, हे तिला एकदम कळलं. ती दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. अठरा वर्षं खुर्चीत आवळून बसलेल्या माणसांना "झालंच हं, संपलंच" म्हणत आली होती. संपलेलं असो वा नसो, म्हणायचं. त्या शब्दांनी माणसाच्या मुठी सैल होतात. तेच तिच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं. खिडकीतून, होता होईल तितकं आईसारखं, तिनं उत्तर दिलं.

"बंद."

बाहेर पावलं थबकली. मग पावलं वळली आणि घराच्या पुढच्या बाजूला गेली. ते पडायला गेले असावेत. तिनं डोळे पुसले आणि उरलेली भांडी विसळली. आपण त्यांच्यासाठी काहीतरी मायेचं केलं, असं तिला वाटत होतं.

तासाभरानं खारू तिला हलवून उठवायला आली.

"आई, शेळी भूगोल खातेय."

गोठ्याचं मागचं दार सताड उघडं होतं. एक शेळी व्हरांड्यात, झोपलेल्या जावयाच्या छातीशी तोंड नेऊन, गठ्ठ्यातली एक उत्तरपत्रिका शांतपणे चघळत होती. दुसरी मागच्या वाफ्यात होती आणि फ्लॉवरच्या रोपांची दुसरी ओळ संपवत आली होती. पुढची दहा मिनिटं शेतावर जी पळापळ झाली तिला तोड नव्हती. जावई अनवाणी धावला, खारू किंचाळत धावली, शेळ्यांना वाटलं खेळच आहे. शेवटी बाबा नुसते बादली वाजवत चालत गेले, आणि दोघी मुकाट्यानं त्यांच्यामागून गोठ्यात आल्या.

हिशेब झाला तो असा की फ्लॉवरच्या दोन ओळी बुडख्यापर्यंत गेल्या, सहा उत्तरपत्रिका पूर्ण गेल्या आणि सातव्या उत्तरपत्रिकेतले पहिले दोन प्रश्न गेले. जावई सातवी उत्तरपत्रिका उलटसुलट करून बघत होता. या सात जणांना आता पास करावं लागणार, तो म्हणाला, कारण शेळीनं खाल्ली हे कारण मी आजवर वर्गात कुणाचंच ऐकून घेतलेलं नाही.

बाबा हसले नाहीत. त्यांनी हात धुतले, पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"मघाशी बंद कोण म्हणालं?"

"मी."

"बघितलंस?"

तिनं ओट्यावरचं फडकं उचललं.

"मागच्या दाराची कडी, बघून म्हणालीस का न बघता?"

"न बघता."

बाबा आत येऊन खुर्चीवर बसले. रागावलेला माणूस बसतो तसे नव्हे, लांबून चालत आलेला बसतो तसे. "मग कशाला म्हणालीस? तू म्हणालीस म्हणून मी मागे गेलो नाही. मला वाटलं, बघितलं असेल."

आणि मग पाच दिवस दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर आलं. रोपवाटिकेवाल्या बाईंचा फोन, दादाचे फोन, सोमवारचे अकरा. थोरले काका. दोन कप. तुम्ही कोपऱ्याआड जाता आणि आईच्या आवाजात उत्तर देता, ते मला ऐकवत नाही, म्हणून मीच दिलं. बोलताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती, हातातल्या फडक्याकडे बघत होती. नवऱ्यानं खारूला हाताला धरून बाहेर नेलं.

बाबा खुर्चीवरून उठले.

"आईच्या आवाजात?" ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर निव्वळ गोंधळ होता. "चल जरा."

ते तिला घेऊन गोठ्याच्या मागे गेले. मागचं दार वरून कुजलं होतं, म्हणून कडी खाली, गुडघ्याच्याही खाली बसवलेली होती. बाबा एक हात भिंतीला लावून वाकले. पाठ आखडलेली, पोट दुमडलेलं, मान कशीबशी वर. तसेच वाकून, कडी चाचपत, ते म्हणाले, "बंद."

बारीक, दबलेला, शेवट किंचित लांबवणारा आवाज.

ते भिंतीला धरून पुन्हा उभे झाले. चेहरा लाल झाला होता. "वाकलं की असाच निघतो," ते म्हणाले. "तू वाकून बोलून बघ. अडुसष्टाव्या वर्षी बघ."

तिला आधी हुंदका आला का हसू, ते तिला नंतरही कधी नीट सांगता आलं नाही. ती गोठ्याच्या भिंतीला टेकून खाली मातीतच बसली आणि दोन्ही झालं. आतून एका शेळीनं फटीतून नाक बाहेर काढून तिचे केस हुंगले. बाबा उलटी बादली ओढून तिच्याशेजारी बसले, आणि तिचं आटोपेपर्यंत त्यांनी वाट बघितली.

मग त्यांनी सांगितलं, रेल्वेतल्या माणसासारखं, एकेक गोष्ट क्रमानं. परत म्हणायचं म्हणजे री ओढायची नसते. वळणावर सिग्नल ड्रायव्हरला एका बाजूनं दिसतो आणि सहायकाला दुसऱ्या बाजूनं; दोघांनी आपापल्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच तोंड उघडायचं. एकदा धुक्यात एक नवा सहायक सवयीनं "हिरवा" म्हणाला होता. बाबांना त्याचा आवाज पटला नाही, त्यांनी ब्रेक लावला. गाडी थांबली तेव्हा पुढच्या गाडीचा शेवटचा डबा पन्नास पावलांवर होता. "तेव्हापासून मी शब्द ऐकत नाही. बघून म्हणतोय का, ते ऐकतो."

"आणि आई?"

"तुझी आई कधीच न बघता बोलली नाही. हातातलं पीठ तसंच घेऊन मागच्या दारापर्यंत यायची, बघायची, मग म्हणायची. माझ्याशी लग्न ठरवतानासुद्धा दोनदा येऊन बघून गेली होती. दुसऱ्यांदा तर मी घरी नसताना." ते थांबले. "ती गेल्यावर पहिल्या आठवड्यात मी पंप रात्रभर चालू ठेवला. विसरलो. तेव्हा थोरल्याची आठवण मलाही झाली, बाई, तुलाच होते असं नाही. मग ठरवलं, दोन्ही बाजूंनी आपणच जायचं. आधी माझ्या जागेवरून बघायचं, मग तिच्या. वेळ लागतो. पण तेव्हापासून एकही गोष्ट उघडी राहिली नाही. आज राहिली तेवढीच."

"आणि दोन कप?"

"एकाचा चहा मला जमत नाही. पातेल्यात दोनाचाच होतो. टाकवत नाही, मग दुसरा कपही मीच पितो."

कोंबड्यांचा आवाज येत होता. ऊन वाफ्यांवरून सरकत चाललं होतं. बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "एकदाच बोलली न बघता."

ती वळून त्यांच्याकडे बघू लागली.

"त्या दिवशी दुपारी मी पंपापाशी होतो. सकाळपासून जरा थकलेली वाटत होती. मी अंगणातून विचारलं, बरी आहेस ना? आतून म्हणाली, बरी आहे. मी काम पुरं केलं. पाऊण तास." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आवाज पटला नव्हता मला. तरी गेलो नाही."

पाच महिने तिनं जे कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, ते तिनं तिथं गोठ्यामागे बसून सांगितलं. त्याच दिवशी सकाळी तिनं आईला फोन केला होता. खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून बसला होता, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला, हातात हत्यारांचा ट्रे. बरी आहेस ना, तिनं विचारलं. बरी आहे, आई म्हणाली. आणि तिला बरं वाटलं होतं. आईची काळजी मिटली म्हणून नव्हे, फोन लवकर ठेवता येईल म्हणून.

"मलाही तेच म्हणाली होती, बाबा."

"तुलाही?"

"हो. बरी आहे म्हणाली."

बाबांनी हळूहळू मान हलवली, एखादं अडलेलं गणित सुटल्यासारखी.

"मग बघूनच म्हणाली असणार," ते म्हणाले. "स्वतःकडे नाही. आपल्याकडे बघून. तू कामात, मी कामात."

तिच्या छातीवरचं काहीतरी, जे इतके दिवस तिथंच असल्यामुळे तिला स्वतःचाच भाग वाटू लागलं होतं, ते किंचित हललं आणि तिला खोल श्वास घेता आला. दोघं तिथंच बसून राहिली. पुढे व्हरांड्यात खारू आपल्या बाबाला विचारत होती की शेळीला आता देशांच्या राजधान्या येत असतील का.

रविवारी सकाळी तिनं दादाला फोन लावला. त्यानं आधी सगळं ऐकून घेतलं, मग शंका काढल्या, मग म्हणाला की एका दिवसावरून कसं ठरवणार. ती म्हणाली की एका दिवसावरून नाही, दोन बाजूंनी बघून ठरवलंय, आणि तुला खात्री हवी असेल तर तिकीट काढून ये आणि वाकून बघ. मग त्यानं विचारलं, शेळीनं काय खाल्लं म्हणालीस? आणि तो हसला. आई गेल्यापासून त्याचं हसू तिनं ऐकलं नव्हतं. त्यानंतर तिनं डॉक्टरांकडची वेळ रद्द केली.

रोजच्या रोज फोन करत जा, असं तिनं बाबांना सुचवून बघितलं. बाबांनी ते मनावर घेतलं नाही. फोनवर काय दिसतं, ते म्हणाले, यायचं असेल तर येत जा. मग दर दुसऱ्या शनिवारी यायचं ठरलं. नवऱ्यानं एकच अट घातली: उत्तरपत्रिका तो घरीच ठेवणार. दुपारपर्यंत बाबांनी आणि खारूनं मिळून फ्लॉवरची नवी रोपं लावली. रोपवाटिकेवाल्या बाईंनीच ती आणून दिली. त्या ओशाळल्या होत्या. तुमचे कान चांगले आहेत, बाबा त्यांना म्हणाले, पुढच्या वेळी भिंतीवरून डोळेही वापरा. बाई जीभ चावून हसल्या आणि चहाला थांबल्या.

निघायची वेळ झाली. पिशव्या ठेवून झाल्या, खारूनं खिशात लपवलेली तीन अंडी काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून झाली. नवऱ्यानं गाडी सुरू केली. बाबा तिच्या बाजूच्या खिडकीपाशी आले आणि त्यांनी हात गाडीच्या दारावर ठेवला.

"आणि तू?" त्यांनी विचारलं. "तू बरी आहेस ना?"

उत्तर तिच्या ओठावर तयार होतं. रोजच्या सवयीचं, दहा वेळा दिलेलं, कुणालाही पुरेल असं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

बाबा थांबले. नवऱ्यानं गाडी बंद केली. खारूनं काही विचारण्यासाठी मान पुढे काढली आणि मग तिनंही ती मागे घेतली. वाफ्यांना नुकतंच पाणी दिलं होतं, मातीचा ओला वास येत होता. ती समोर बघत बसली होती, पण बघत होती आत, अवघड जागी, जिथं ती पाच महिने गेली नव्हती. तिला वेळ लागला. बाबांनी घाई केली नाही.

"अजून नाही, बाबा," ती म्हणाली.

बाबांनी वाकून तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

"अजून नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी दारावरचा हात काढून घेतला.